लिंडनरबाईंचं सातवं पत्र

आमच्या सिंगापुरातल्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर एक चिठ्ठी अजून आहे. तिच्यावर निळ्या पेन्सिलीने लिहिलंय, ‘मंदार. लिंडनरबाई, पत्र सातवं. पुन्हा सादर.’ खाली तारीख. ती खोडून दुसरी, दुसरी खोडून तिसरी. मूळ अक्षर कुंदाताईंचं आहे, खाडाखोड माझी. फ्रिज मध्यंतरी बदलला, चिठ्ठी मात्र जुन्यावरून नव्यावर आली. बायको, अर्चना, म्हणते, आता काढ ती. मी म्हणतो, बघू.

कुंदाताई आमच्या तिसऱ्या खोलीत तीन वर्षं राहिल्या. खोली भाड्याने द्यायची ठरवलं तेव्हा अर्चनाच्या डोळ्यांपुढे एखादी पुण्याची शिकणारी मुलगी होती. दारात उभ्या राहिल्या त्या पंचावन्न वर्षांच्या बाई, पाठीला सॅक, हातात पिशवी आणि पिशवीत श्रीखंडाचा रिकामा डबा. डब्यात पेन्सिली होत्या. “मी पोस्टडॉक,” त्या म्हणाल्या, “म्हणजे डॉक्टर होऊनही उमेदवारच. स्वयंपाकघर वापरू द्याल ना?”

पुण्यात त्यांनी पंचवीस वर्षं जर्मन शिकवलं. जर्मनीला निघालेल्या इंजिनिअरांच्या किती तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, याचा त्यांनाच पत्ता नव्हता. मग पन्नाशीत पीएचडी केली, आणि बरोबरीच्या बायका गुडघ्यांच्या डॉक्टरांची चौकशी करायला लागतात त्या वयात इथल्या विद्यापीठात संशोधनाला आल्या. काम होतं पहिल्या महायुद्धातल्या जर्मन चॅन्सेलरच्या, म्हणजे तिकडच्या पंतप्रधानाच्या, कचेरीतल्या कागदांचं. जर्मनीतल्या दप्तरखान्याने पानांचे फोटो काढून पाठवले होते. हजारो पानं, सगळी एका काळ्या डिस्कमध्ये. युद्ध, तह, तोफा यांच्यात त्यांना काही रस नव्हता. सामान्य माणसांनी पंतप्रधानाला लिहिलेले अर्ज त्या वाचत. कुणाला बटाटे मिळत नाहीत, कुणाचा घोडा लष्कराने नेला, कुणाचा मुलगा सापडत नाही.

ते जुनं जर्मन हस्ताक्षर आजच्या जर्मनांनाही लागत नाही म्हणे. कुंदाताईंना लागायचं, कारण त्या आधी मोडी शिकल्या होत्या. “मोडी वाचलेल्या माणसाला जगातलं कुठलंही वाईट अक्षर घाबरवू शकत नाही,” असं त्या सांगत. माझ्या अक्षराबद्दल मात्र त्यांचं मत निराळं होतं.

त्या कचेरीची एक रीत त्यांनी आमच्या घरात आणली. तिथे प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात साहेब लोक पेन्सिलीने शेरा मारत, ज्याचा त्याचा रंग ठरलेला. काम लगेच होण्यासारखं नसेल तर कोपऱ्यात दोन अक्षरं, डब्ल्यू आणि व्ही, आणि पुढे तारीख. म्हणजे हा कागद त्या दिवशी पुन्हा माझ्यापुढे ठेवा. कुंदाताई त्याला ‘पुन्हा सादर’ म्हणत. काम संपलं की तीन अक्षरं, झेड, डी, ए. म्हणजे दफ्तरी दाखल, विषय मिटला. “कागद खोटं बोलेल,” त्या म्हणत, “कागदाचा कोपरा बोलणार नाही.”

पहिल्या महिन्यातच आमचा फ्रिज चिठ्ठ्यांनी भरला. ‘मंदार. पंख्याचा स्क्रू. पुन्हा सादर, सोमवार.’ सोमवारी मी विसरलो की तीच चिठ्ठी गुरुवारची तारीख घेऊन हजर. चकार शब्द न काढता. काम झालं की त्यावर लाल पेन्सिलीने ‘दफ्तरी’ असं लिहून त्या ती चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकत. अर्चनाला ही पद्धत फार आवडली, कारण चिठ्ठ्यांवर नाव बहुतेक माझंच असे. एकदा आमचं दोघांचं चांगलंच वाजलं, माझ्या आईला इथे किती महिने बोलवायचं यावरून. कुंदाताई खोलीतून बाहेर आल्या, फ्रिजवर चिठ्ठी लावली आणि आत गेल्या. ‘सासूबाई. पुन्हा सादर, शुक्रवार सायंकाळ.’ शुक्रवारपर्यंत आम्ही दोघंही कशावर भांडत होतो ते विसरलो होतो. आई मात्र चार महिने राहून गेली.

चहा त्या बिनसाखरेचा घेत. खाली हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांवर, गेलं की दुकानदार त्यांना बघूनच ओरडे, “तेह सी कोसोंग!” म्हणजे दुधाचा चहा, साखर नाही; कोसोंग म्हणजे रिकामं. आम्ही धरून चाललो की बाईंना मधुमेह आहे. अर्चनाने बिचारीने सहा महिने त्यांना कारल्याच्या काचऱ्या आणि मेथीची भाजी घातली. पाडव्याला श्रीखंड केलं तेव्हा त्यांच्या वाटीत चमचाभरच वाढलं. त्यांनी वाटी पुढे केली, मग आणखी एकदा केली. “अगं, मला कसला मधुमेह?” मग चहा तसा का, असं अर्चनाने विचारलं. “सवय,” एवढंच म्हणाल्या.

दुसरी सवय म्हणजे कुठलाही म्हातारा माणूस दिसला की त्याला विचारायचं, “तुम्ही इथे किती वर्षं आहात?” ब्लॉकखाली झाडणारे काका, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारी बसलेले तमिळ आजोबा, मासेवाला. त्यातला कुणी भारतातून आलेला निघाला की गाव विचारायच्या, आणि कधी जहाजावर होतात का, असंही. मला वाटे, इतिहासवाल्या आहेत, माणसंही कागदासारखी वाचतात.

आता माझ्या पराक्रमाकडे यायला हवं. मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या मागच्या कामात आहे. लाखो नोंदींतला कचरा गाळून काढायचा, यावर माझं पोट चालतं. कुंदाताईंचे डोळे तेव्हा नुकते कुरकुरायला लागले होते. एकदा सहज म्हणाल्या, “निम्मी पानं कोरीच आहेत रे. पत्राची पाठ असते ना, तिचाही फोटो काढलाय त्यांनी. उलटता उलटता बोटं दुखतात.” हे म्हणजे माशाला पाण्यात सोडण्यासारखंच झालं. रविवारी दुपारी बसून मी प्रोग्राम लिहिला. पानावर अमुक इतकी शाई नसेल तर ते पान कोरं, काढून टाक. संध्याकाळी निम्मी पानं गेली. कुंदाताईंनी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली, आणि मी दोन दिवस ऑफिसात छाती फुगवून हिंडलो.

त्याच उरलेल्या पानांत त्यांना लिंडनरबाई भेटल्या. जर्मनीतल्या कुठल्याशा लहान गावातली विधवा. तिचा धाकटा मुलगा ओटो इथे, सिंगापूरला, एका जर्मन पेढीत कारकून होता. युद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी इथल्या जर्मनांना धरून छावणीत घातलं. मुलाची पत्रं थांबली. बाई सगळीकडे लिहून थकली आणि शेवटी थेट चॅन्सेलरला लिहिलं. एक नाही, सात पत्रं. कुंदाताई जेवताना आम्हाला ती मराठीत वाचून दाखवत. “साहेब, तो मेला असेल तर तसं कळवा. मी रडून घेईन. पण काहीतरी कळवा.” आमची ईरा तेव्हा सात वर्षांची होती. रोज विचारायची, “आंटी, मिसेस लिंडनर गॉट रिप्लाय ऑर नॉट?”

उत्तर नव्हतं आलं. सातही पत्रांवर आवक शिक्का होता, पुढे काही नाही. कोपरे रिकामे. कुंदाताईंनी सगळ्या गठ्ठ्यांत शोधलं आणि शेवटी आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात वाक्य लिहिलं, की कचेरीने या बाईची दखल घेतली नाही. ते वाक्य लिहिल्यावर दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत.

म्हणून आम्ही त्यांना पुलाउ उबीन बेटावर नेलं. चांगीच्या धक्क्यावरून लहान लाकडी बोट जाते. बारा माणसं जमली की निघते, त्याआधी नाही. कुंदाताई बोटवाल्या म्हाताऱ्या चिनी काकांजवळ जाऊन बसल्या. प्रश्न ठरलेलाच. काका म्हणाले, “फॉर्टी इयर्स, लाह.” मग त्यांनी आणखी काही विचारलं, काकांनी नकारार्थी मान हलवली. बेटावर पोहोचल्यावर अर्चना आणि ईरा सायकली घेऊन पुढे गेल्या. आम्ही दोघं एका जुन्या घराच्या ओसरीवरच्या दुकानात शहाळी घेऊन बसलो, आणि मी विचारलं, ताई, तुम्ही कुणाला शोधताय?

“दादाला,” त्या म्हणाल्या.

त्यांचा मोठा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिन खोलीत कामाला होता. त्या दहा वर्षांच्या असताना त्याचं शेवटचं कार्ड आलं, सिंगापूरच्या तिकिटाचं. जहाज मुंबईला परत आलं, हा आला नाही. सिंगापूरला उतरला आणि वेळेवर चढला नाही, एवढंच सोबतचे लोक सांगत. “आई दर महिन्याच्या एक तारखेला पत्र लिहायला बसायची. कंपनीला, वकिलातीला, बंदराच्या साहेबाला. ती सांगायची, मी लिहायचे, आणि पेटीत टाकून यायचे. नऊ वर्षं. एकाही साहेबाने उत्तर दिलं नाही, मंदार. नाही माहीत, असं तरी लिहायचं.”

आणि मग चहाचं कळलं. पत्र येईपर्यंत चहात साखर घालायची नाही, असं म्हणून आईने ती सोडली होती. आपल्याकडे सोडतात तसं, कुणी भात सोडतं, कुणी चपला. आई गेली त्या दिवशी दुपारी कुणीतरी कुंदाताईंच्या हातात चहाचा कप दिला. “गोड होता. मी तो ठेवून दिला. तिचं राहिलं होतं, ते कुणीतरी चालवायला हवं होतं ना.” मी शहाळ्यात बघत राहिलो. मला रडू येत होतं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. रविवारची दुपार होती. ईराला ‘खरा जुना कागद’ बघायचा होता, आणि कुंदाताईंनी कौतुकाने मूळ डिस्क जोडली, माझ्या प्रोग्रामने न गाळलेली. पुढची शाई मागे कशी पाझरते ते तिला दाखवत होत्या. ईरा म्हणाली, “धिस वन ऑल कोसोंग लाह, आंटी.” मग पडद्याला नाक लावून म्हणाली, “नो, सी, हॅज पेन्सिल.”

कुंदाताईंनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला. पान मोठं केलं, गडद केलं. वरच्या कोपऱ्यात डब्ल्यू होता, त्याला चिकटून व्ही, आणि तारीख. पुसट, निळं. लिंडनरबाईंच्या पहिल्या पत्राची ती पाठ होती. कुणा कारकुनाने शेरे पुढच्या बाजूला न मारता मागे मारले होते, आणि माझ्या प्रोग्रामला पेन्सिल ही शाई वाटलीच नव्हती.

 दोन वर्षांचं काम, शेवटचं प्रकरण, ते वाक्य. मी काहीतरी पुटपुटलो. कुंदाताई म्हणाल्या, “तुझं काय चुकलं? यंत्राला कोरं दिसलं. वाचणारी मी होते. पाठ न बघता कागद वाचला मी, आणि वर त्या माणसाच्या नावाने बोटं मोडली.” मी म्हटलं, प्रोग्राम सुधारतो, तासाभराचं काम. “नको,” त्या म्हणाल्या, “आता प्रोग्राम नको. तू स्वतः बस.”

त्यांचा इथे राहण्याचा पास संपायला चार महिने होते. छापायला जायला निघालेलं प्रकरण त्यांनी परत मागवलं, ते वाक्य खोडलं आणि पुढे जागा सोडली. रोज विद्यापीठातून आल्यावर पाठी बघत. शनिवार-रविवार मी शेजारी. मला जर्मनचा गंध नव्हता, तेव्हा त्यांनी मला फक्त खुणा शिकवल्या, बालवाडीतल्या पोराला शिकवावं तशा. दुसऱ्या पत्राच्या पाठीवर ‘पुन्हा सादर’ सापडलं. तिसऱ्याच्याही. दर तीन आठवड्यांनी, त्याच निळ्या पेन्सिलीने, त्याच थरथरत्या हाताने. कुंदाताईंनी त्या नाव नसलेल्या कारकुनाला ‘भाऊसाहेब’ म्हणायला सुरुवात केली. “बघ, भाऊसाहेबांनी या महिन्यातही कागद काढला. मिटवला नाही.” त्या आवाजात जे सुख होतं ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सहा पत्रांच्या पाठी मिळाल्या. सातव्याची जागेवर नव्हती. काही पाठींचे फोटो भलत्याच गठ्ठ्यांत गेले होते, आणि ते गठ्ठे अजून हजारोंनी उरले होते. त्यात ताईंचे डोळे. आधी त्या अक्षर मोठं करत, मग फार मोठं, मग मलाच विचारू लागल्या, “इथे निळं आहे का रे काही?”

पास संपला. चांगी विमानतळावर सोडायला आम्ही तिघं गेलो. ती डिस्क त्यांनी विद्यापीठाला विचारून माझ्याकडे ठेवली होती, आणि चिठ्ठी आधीच फ्रिजवर लावली होती. “सातव्या पाठीवर काय आहे तेवढं बघ,” त्या म्हणाल्या. “पुन्हा सादर असेल तर बाई वाट बघत राहिल्या. दफ्तरी असेल तर...”  ईराच्या डोक्यावर हात ठेवला आणि सॅक पाठीला लावून आत गेल्या.

चिठ्ठीवरची तारीख आली, गेली. ऑफिसात नवं काम होतं, ईराच्या परीक्षा होत्या. मी तारीख खोडून पुढची घातली. मग तीही. भाऊसाहेबांनी तेच केलं होतं, अशी मी मनाची समजूत काढली, पण भाऊसाहेब निदान दर वेळी कागद उघडत होते. मग पुण्याहून ताईंच्या भाचीचा फोन आला. ताईंना आता फक्त उजेड-अंधार कळतो. विचारत होत्या, मंदारचं काम कुठवर आलं. मी फोन ठेवला आणि मला माझी मनापासून शरम वाटली. त्या शनिवारपासून मी बसलो. एकेक पाठ, स्वतःच्या डोळ्यांनी. पाच महिने लागले.

पान सापडलं तेव्हा मी आधी नीट बघितलंच नाही. लिंडनरबाईंच्या सातव्या पत्राची शाई उलटी पाझरलेली ओळखली आणि थेट व्हिडिओ कॉल लावला. त्यांना सांभाळणाऱ्या सुरेखाने फोन उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कसाही धरला होता. मला वरचा पंखा दिसत होता, भिंतीचा कोपरा आणि त्यांचे थोडे पांढरे केस.

“ताई, सातवं मिळालं.”

“कोपरा बघ,” त्या म्हणाल्या. “काय आहे?”

मी पान गडद केलं. डब्ल्यू नव्हता. तीन अक्षरं होती. माझ्या मनात आलं, खोटं सांगावं. त्यांना आता दिसणार नाही, कुणालाच कळणार नाही. पण एकदा मी त्यांना असलेलं पान नाही म्हणून दिलं होतं. नसलेलं आहे म्हणून द्यायची माझी छाती झाली नाही.

“दफ्तरी,” मी म्हटलं.

पंखा फिरत होता. मग त्यांचा आवाज आला, वर्गातला, कोरडा. “त्याच्या वर बघ. डावीकडे. बारीक काही आहे?”

“आहे. एक वाटोळं, त्याला शेपूट. त्याच्यापुढे उंच दांडी, खाली पोट.”

“ए आणि बी. नीट बघून सांग. पुढे आकडे आहेत?”

“आहेत. तारीख दिसतेय. निळ्यातच आहे, ताई. हात तोच.”

पडद्यावरचा पंखा हलला, त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. 

“ए-बी म्हणजे रवाना,” त्या म्हणाल्या. “उत्तर गेलं, मग मिटवलं. गेलं रे पत्र.”

“त्यात काय लिहिलं असेल?”

“ते बाईंचं बाईंना. आपल्याला काय करायचंय?” मग हळूच म्हणाल्या, “कुणीतरी लिहिलं, मंदार. कुणाला तरी आलं.”

मी हो म्हटलं.  त्या म्हणाल्या, आता त्या चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने दफ्तरी लिही, आणि ईराला सांग, मिसेस लिंडनरला रिप्लाय आला. मी म्हटलं, सांगतो. ईराला सांगितलं. चिठ्ठीवर लिहिणं आजवर जमलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात कुंदाताई गेल्या, आणि आता ती लाल अक्षरं मला लिहवत नाहीत.

त्या दिवशी त्यांना फोन बंद करायचं बटण सापडलं नाही. त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवला असावा. मीही बंद केला नाही. पंखा दिसत राहिला, आणि चष्मा काढून डोळे पुसणारा एक हात. मग आत हाक गेलेली ऐकू आली.

“सुरेखा, चहा टाक गं. साखर घाल. दोन चमचे घाल.”